वर्ज्य केलेल्या पदार्थांची परतीची तारीख

पोटाच्या जुन्या तक्रारीने त्रासलेले ज्येष्ठ रुग्ण तपासणीला येतात, तेव्हा बहुधा पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवतात. आपण काय खातो हे त्यावर लिहिलेले नसते. काय काय सोडले ते लिहिलेले असते. दूध सोडले, गव्हाची पोळी सोडली, हरभऱ्याची डाळ सोडली, कांदा-लसूण सोडले, आंबा तर कित्येक वर्षांत चाखलेला नाही. हे सांगताना स्वरात व्यथा असते, तसा किंचित अभिमानही असतो. कारण पथ्य पाळणारा मनुष्य आपल्याकडे संयमी गणला जातो. मी यादी वाचते आणि विचारते, "यांतले परत काय सुरू केलेत?" या प्रश्नाचे बहुतेकांना नवल वाटते. सोडलेला पदार्थ पुन्हा सुरू करून पाहायचा असतो, ही कल्पनाच त्यांना कोणी दिलेली नसते.

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. वैद्यकात ज्याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', थोडक्यात 'आयबीएस' म्हणतात, त्या विकारात आहारातील बदलाने पुष्कळ आराम मिळू शकतो. परंतु हा बदल म्हणजे जन्मभराच्या वर्ज्य पदार्थांची यादी नव्हे. जो पदार्थ ताटातून काढायचा, त्याची परतीची तारीखही त्याच दिवशी ठरवावी, असे माझे सांगणे आहे. तरुण माणसाने चार पदार्थ विनाकारण सोडले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. सत्तरीच्या माणसाचे मात्र त्यात वजन जाते, स्नायू जातात, हाडे ठिसूळ होतात आणि हळूहळू माणसांत मिसळणेही सुटते.

प्रथम या विकाराचे स्वरूप समजून घेऊ. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते. पुष्कळजण या त्रासालाच 'कोलायटिस' म्हणतात. पण कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, तो निराळा आजार आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. आयबीएसमध्ये हे जाळे प्रमाणाबाहेर संवेदनशील झालेले असते. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने अशा व्यक्तीचे पोट तट्ट होते, कळा येतात. आतड्याची हालचाल कधी वेगाने होते, कधी मंदावते. म्हणून कोणाला जुलाब, कोणाला बद्धकोष्ठता, तर कोणाला दोन्ही आलटूनपालटून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोम-४' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोटात दुखणे आवश्यक मानले जाते. शिवाय त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाची वारंवारता बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे यांपैकी निदान दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची असावी लागते.

तपासण्या निर्दोष आल्या की घरातील मंडळी कधी म्हणतात, "रिपोर्ट सगळे चांगले आहेत, म्हणजे यांच्या मनाचेच खेळ आहेत." असे कृपया म्हणू नये. वेदना खरी असते. चिंतेने ती वाढते हेही खरे. पण चिंतेने वाढणारी वेदना खोटी ठरत नाही.

आता आहाराकडे वळण्यापूर्वी एक महत्त्वाचा थांबा. हा विकार बहुधा तरुणपणी किंवा मध्यमवयात सुरू होतो. पन्नाशीनंतर, त्यातही साठीनंतर, पोटाच्या सवयी प्रथमच बदलल्या असतील, तर "आयबीएस असेल" असे म्हणून आहाराचे प्रयोग करू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावे. शौचातून रक्त जाणे, ठरवून न केलेली वजनातील घट, रक्तक्षय, बारीक ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणे, पोटात हाताला लागणारी गाठ, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असेल तर तपासणीला विलंब नको. रक्त दिसले की "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. मूळव्याध असली तरी तिच्या आड दुसरे काही लपलेले नाही ना, हे पाहावेच लागते. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांना पोट सतत फुगलेले वाटणे, थोडेसे खाताच पोट भरणे अशी तक्रार नव्याने सुरू झाली तर बीजकोशाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण तेथील कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे नेमकी अशीच फसवी असतात.

काळजीवाहकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली औषधांची. मधुमेहासाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन काहींना जुलाब करते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि झोपेसाठी वा मनाच्या आजारासाठी दिलेली काही औषधे बद्धकोष्ठता करतात. मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध मल सैल करते. त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे कोणते औषध सुरू झाले होते, हे डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. दुसरी गोष्ट अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार कमी हालचाल करणाऱ्या व्यक्तींची. त्यांच्या मलाशयात कडक मलाचा खडा अडकून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ मल झिरपत राहतो. घरच्यांना वाटते जुलाब झाले. जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते आणि अडथळा आणखी घट्ट होतो. अनेक दिवसांच्या बद्धकोष्ठतेनंतर अचानक थोडे थोडे पातळ होऊ लागले, तर ही शक्यता प्रथम तपासून घ्यावी.

हे सारे पाहून झाले आणि आयबीएसचे निदान निश्चित झाले, की मग स्वयंपाकघरात शिरायचे.

काही पिष्टमय आणि शर्करायुक्त घटक लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. हे प्रत्येकाच्या पोटात घडते आणि त्यात अपायकारक काही नाही. आयबीएसच्या संवेदनशील आतड्याला मात्र तोच ताण असह्य होतो. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी अशा घटकांना एकत्रितपणे 'फॉडमॅप' हे नाव दिले. २००५ साली ते वैद्यकीय नियतकालिकात प्रथम आले. गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टान, कडधान्यांतील आणि डाळींतील विशिष्ट शर्करा, दुधातील लॅक्टोज, आंबा, सफरचंद व मध यांतील जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि अळिंबी यांतील मॅनिटॉल, आणि साखरविरहित मिठायांत घातले जाणारे सॉर्बिटॉल-माल्टिटॉल हे सर्व या गटात येतात. याच विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३० रुग्णांना २१ दिवस फॉडमॅप कमी असलेला आहार आणि २१ दिवस नेहमीचा आहार देण्यात आला. कमी फॉडमॅपच्या काळात त्रासाचे मोजमाप जवळजवळ निम्म्यावर आले.

येथवर वाचून आपल्याला वाटेल, मग हे सगळे पदार्थ बंदच करावेत. येथेच गल्लत होते. ही पद्धत घडवणाऱ्यांनीच तिचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा हे पदार्थ कमी करण्याचा, तो २ ते ६ आठवड्यांचा. दुसरा टप्पा ते एकेक करून परत आणून पाहण्याचा. तिसरा टप्पा, जे सोसते ते ठेवून जे खरोखर सोसत नाही तेवढेच मर्यादित करण्याचा. पहिला टप्पाच दीर्घकाळ चालू ठेवला तर आतड्यातील हितकारक जिवाणूंचे प्रमाण घटते, कारण हेच घटक त्यांचे अन्न असतात. शिवाय कॅल्शियम, प्रथिने आणि चोथा कमी पडतो तो वेगळाच.

ही गोष्ट आपल्या घरांना परकी नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे थालीपीठ आणि भजी मनसोक्त खाऊन पुष्कळ घरांत चातुर्मासासाठी कांदा-लसूण बंद होत असे. काही घरांत अजूनही होतो. पण कार्तिकी एकादशी आली की तो चातुर्मास संपतो, आणि कांदा पुन्हा घरात येतो. त्यागाला मुदत असते. आपल्या आज्या-पणज्यांनी चार महिने कांदा-लसणाविना रुचकर स्वयंपाक करून दाखवला आहे. पोटासाठी करावयाचा त्याग तर त्याहून कितीतरी लहान मुदतीचा आहे.

माझ्या एका रुग्णाची हकीकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना गुरुजी म्हणू, कारण ते शाळेतून निवृत्त झाले आहेत. वय ७२. पोटाचा त्रास वीसेक वर्षांचा; पण पत्नी गेल्यानंतरच्या तीन वर्षांत तो वाढला, आणि त्याबरोबर वर्ज्य पदार्थांची यादीही वाढली. सूनबाई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अप्पांसाठी रोज वेगळा मऊ भात आणि मुगाचे वरण करते. आता त्यालाही ते नको म्हणतात. मी काय करू, तेच कळत नाही." दीड वर्षात वजन ६२ किलोवरून ५४ वर आले होते. गुरुजी स्वतः वजनाबद्दल काही बोलले नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टरबाई, तीन भाऊबीजा बहिणीकडे गेलो नाही. एसटीचा चार तासांचा प्रवास. मध्येच पोटात कळ आली तर काय करायचे?"

एवढी वजनघट असताना थेट आहाराकडे जाणे योग्य नव्हते. रक्ताच्या आणि मलाच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड पाहिले, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणी केली, जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीने मोठे आतडे पाहून घेतले. सर्व निर्दोष निघाले. वजन रोगाने गेले नव्हते. खाणे आकसल्यामुळे गेले होते. मग मी त्यांना एक साधी वही दिली आणि दोन आठवडे जे जे तोंडात जाईल ते लिहायला सांगितले. शिक्षकाचे अक्षर, नोंदी चोख होत्या. त्यांतून दिसले ते असे. गव्हाची पोळी बंद होती, पण दिवसाकाठी मैद्याचे पाच-सहा टोस्ट चहात बुडवून खाल्ले जात होते. दूध बंद होते, पण दुधाचा चहा सहा वेळा होता. मुलाने आरोग्यदायी म्हणून आणलेली साखरविरहित बिस्किटे रोज दुपारी होती, आणि त्यांत माल्टिटॉल होते. रात्री सोनामुखीचे चूर्ण होते, आणि पहाटेची घाई त्याच्यामागून येत होती. ज्यांच्यावर संशय होता ते पदार्थ हद्दपार झाले होते. आणि ज्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता, ते सुखेनैव ताटात होते.

आम्ही चार आठवड्यांची मुदत ठरवली आणि शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. टोस्ट आणि बिस्किटे थांबवली, चहा तीन कपांवर आणला, चूर्णाच्या जागी इसबगोल दिला. कांदा-लसूण, गहू आणि मोठी कडधान्ये तेवढ्या काळापुरती बाजूला ठेवली. पण त्याच दिवशी काही पदार्थ वाढवले: ज्वारीची भाकरी, नाचणीचे सत्त्व, दोन अंडी, पनीर, शेंगदाण्याचे कूट, पपई. चार आठवड्यांनी रोजचे दुखणे आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आले. तेव्हा ते म्हणाले, "आता बरे आहे, हेच चालू ठेवतो." मी वहीतील तारीख दाखवली.

पदार्थ परत आणताना गुरुजी पहिल्या दिवसापेक्षा अधिक घाबरले होते, हे मुद्दाम सांगते. पहिली अर्धी पोळी त्यांनी सूनबाईंना समोर बसवून खाल्ली. पुढील दोन-अडीच महिन्यांत जे कळले ते असे: एक-दीड पोळी सोसते, तीन झाल्या की पोट फुगते. अर्धा कप दूध आणि वाटीभर दही चालते. तुरीची आमटी अर्धी वाटी चालते. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, कच्चा कांदा चालत नाही. लसूण आणि छोले नकोतच. आंब्याच्या दोन फोडी चालतात. ज्या यादीत चौदा पदार्थ होते, तीत अखेर तीन उरले. पाच महिन्यांत वजन ५८ किलोच्या वर गेले. त्या वर्षी भाऊबीजेला ते बहिणीकडे गेले. परतीच्या प्रवासात एकदा पोट बिघडले, हे त्यांनीच मला सांगितले. वाटेतल्या एका स्थानकावर उतरून पुढची गाडी पकडली. आयबीएस नाहीसा झालेला नाही. पण पुढच्या वर्षीही जाणार, असे ते सांगून गेले.

प्रत्येकाचे तीन पदार्थ वेगळे असतील. म्हणून गुरुजींची यादी उचलून आपल्याला लावू नये. पद्धत मात्र सर्वांना उपयोगी पडेल. वजन अगोदरच कमी असलेल्या, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या व्यक्तींनी ती डॉक्टर वा आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच करावी. गहू सोडण्यापूर्वी सीलिॲकची तपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

मुदतीच्या काळात पोट भरेल असे आपल्या स्वयंपाकात पुष्कळ आहे. तांदूळ, ज्वारी, नाचणी ही धान्ये. बटाटा, गाजर, काकडी, पालक, वांगे, फरसबी या भाज्या. पपई, संत्रे, मोसंबी, अननस आणि फार न पिकलेले केळे ही फळे, एका वेळी बेताने. अंडी, मासे आणि चिकन यांत फॉडमॅप नसतात. त्रास होतो तो त्यांच्या रश्श्यातील कांदा-लसणाच्या वाटणाने आणि तेला-तिखटाने. मुगाची डाळ चार-सहा तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात शिजवावी. त्रासदायक शर्करेचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. कांद्याची उणीव हिंगाची फोडणी बरीच भरून काढते. लसणाची चव हवीच असेल तर तेलात अख्ख्या पाकळ्या परतून, तांबूस झाल्या की काढून टाकाव्यात. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. तेच लसूण आमटीत शिजवून नंतर काढले तर मात्र उपयोग नाही.

दुधाविषयी थोडे. लॅक्टोज पचवणारे विकर आपल्याकडे पुष्कळांत वयाबरोबर कमी होते, पण फार थोड्यांना दुधाचा थेंबही चालत नाही असे असते. एकदम पेलाभर दूध न सोसणाऱ्यालाही तेवढेच दूध दिवसभरात थोडे थोडे, जेवणाबरोबर घेतल्यास बहुधा सोसते. दही आणि ताक त्याहून सुकर. दूध खरोखर बंद करावे लागले तर कॅल्शियमची भरपाई करावी. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रथिनांचाही हिशेब ठेवावा. मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. नुसत्या मऊ भात-वरणावर हा हिशेब जुळत नाही.

चोथ्याच्या बाबतीत सरसकट "कोंडा खा" हा सल्ला येथे चालत नाही. गव्हाचा कोंडा पुष्कळांचा त्रास वाढवतो. इसबगोलासारखा पाण्यात विरघळणारा चोथा जुलाब आणि बद्धकोष्ठता दोन्हींत उपयोगी पडतो. सुरुवात एका लहान चमच्याने करावी, भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, आडवे पडून किंवा झोपण्याच्या क्षणी घेऊ नये आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. पक्षाघात, कंपवात किंवा अन्य कारणाने गिळण्यास त्रास होत असेल, तर तो घशात अडकण्याचा धोका असतो; अशांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पाणी किती प्यावे हेही हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारूनच ठरवावे.

काही वेळा पदार्थ निर्दोष असतो आणि रीत सदोष असते. दुपारी उपाशी राहून रात्री भरपेट जेवणे, कवळी नीट बसत नसल्याने अन्न न चावता गिळणे, एकादशीला तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची तळलेली भाजी एकाच बैठकीत घेणे, यांनी चांगले पोटही कुरकुरते. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलते, ही नैसर्गिक क्रिया आहे. जेवण जितके मोठे आणि तेलकट, तितकी ती जोरदार. म्हणून थोडे थोडे, ठरलेल्या वेळी खावे. चहा-कॉफी दिवसाकाठी तीन कपांच्या आत ठेवावी.

आता परतीचा टप्पा. एका वेळी एकच पदार्थ परत आणावा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या प्रमाणात. नंतर दोन-तीन दिवस तो थांबवून पोट पूर्ववत होऊ द्यावे आणि मग पुढचा घ्यावा. वहीत चार रकाने पुरेत: पदार्थ, प्रमाण, पोटाचे दुखणे, मलाचे स्वरूप. लग्नकार्याच्या, प्रवासाच्या किंवा तापाच्या आठवड्यात नवा पदार्थ तपासू नये; दोष कोणाचा ते कळत नाही. एखाद्या पदार्थाने त्रास झाला तर त्याचे नाव कायमचे खोडू नये. त्यापुढे प्रमाण लिहावे आणि दोन-तीन महिन्यांनी निम्म्या प्रमाणात पुन्हा पाहावे. आतड्याची सहनशक्ती बदलत असते. आणि चार-सहा आठवडे पदार्थ नेटाने कमी करूनही काहीच फरक पडला नाही, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही असे समजून नेहमीच्या आहाराकडे परतावे आणि डॉक्टरांशी पुढचे बोलावे. औषधे आहेत, मन शांत करण्याचे उपचार आहेत. तो आपला पराभव मानू नये.

घरातील सुना-मुले-मुली किंवा काळजी घेणारे जे कोणी असतील, त्यांना दोन विनंत्या. वेगळे ताट शक्य तितके टाळावे. सर्वांच्या भाजीला कांद्याऐवजी हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि ज्यांना कांदा हवा त्यांनी तो चिरून वरून घेतला, तर वडीलधाऱ्यांना पंक्तीत बसता येते आणि घरात एकच स्वयंपाक पुरतो. जेवताना "हे तुम्हाला चालेल ना?" असे प्रत्येक घासाला विचारू नये, भीती घासाबरोबर पोटात जाते. जे ठरवायचे ते जेवणापूर्वी ठरवावे.

दर पंधरवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, न ठरवता कमी झाले तर पथ्य बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आणि या आठवड्यात एवढेच करावे: कित्येक दिवसांपासून बंद असलेला, पण ज्याने नक्की कधी त्रास दिला ते आठवत नाही, असा एक साधा पदार्थ निवडावा. एखाद्या निवांत सकाळी, घरी असताना, त्याचे दोन-चार घास खाऊन पाहावेत, आणि काय झाले ते लिहून ठेवावे.